बंधारा गाव बांधेल, हिशेब विद्यापीठाने ठेवावा

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, त्याच सातारा जिल्ह्यात, दहिवडी आहे. तिथे पाचशे मिलिमीटर झाला तर लोक वर्ष बरं गेलं म्हणतात. ढग सह्याद्रीवर रिते होतात आणि पूर्वेला येतं ते नुसतं वारं. माण, खटाव, पुढे सांगली जिल्ह्यातले आटपाडी, खानापूर, कवठेमहांकाळ, जत असा हा पर्जन्यछायेचा सलग पट्टा आहे. आता उच्च शिक्षणाच्या मोठ्या संस्था कुठे आहेत ते आठवा. सातारा, कऱ्हाड, इस्लामपूर, सांगली, मिरज. बहुतेक कृष्णेच्या काठाला, नाहीतर तिच्यापासून फार लांब नाहीत. १९६२ पासून या दोन्ही जिल्ह्यांतली महाविद्यालयं ज्याला जोडलेली आहेत ते शिवाजी विद्यापीठ कोल्हापुरात, पंचगंगेच्या खोऱ्यात. पाण्याबद्दल शिकवणारे पाण्याजवळ राहतात आणि ज्यांना त्या शिकवण्याची गरज आहे ती गावं एसटीने दोन-तीन तासांवर.

विद्यापीठाने आसपासच्या गावांना पाण्याच्या कामात मदत करावी असं म्हटलं की सगळ्यांना आधी शिबिर दिसतं. राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं निवासी शिबिर, पांढऱ्या टोप्या, बॅनर, कुदळ-फावडी, शेवटच्या दिवशी सरपंचांच्या हस्ते प्रमाणपत्रं. शिबिराला माझा विरोध नाही. शहरातल्या पोराला गावाची पहाट कळते, पिठलं-भाकरी गोड लागते, हे कमी नाही. पण पाणी अडवण्याचं साधन म्हणून बघाल तर ऐंशी मुलांनी आठवडाभर खणलेले चर एक पोकलेन एका दिवसात खणतं. शिवाय खणायला गाव तयार असतंच. कोरेगाव तालुक्यातल्या वेळूने २०१६ साली आणि माण तालुक्यातल्या टाकेवाडीने २०१८ साली जलसंधारणाची वॉटर कप स्पर्धा जिंकली ती गावकऱ्यांच्या घामावर. तिथे कुणा विद्यापीठाला येऊन टिकाव कसा धरायचा ते शिकवावं लागलं नाही.

गावाला अडतं ते वेगळ्या ठिकाणी. जमिनीखालचा खडक कसा आहे हे सांगणारं कोणी नसतं. पाणी किती आलं, किती गेलं, याची दरवर्षी न चुकता ठेवलेली नोंद नसते. आणि वरची आळी, खालची आळी, हा गट, तो गट, सगळ्यांना मान्य होईल असा तिऱ्हाईत हिशेबनीस नसतो. विद्यापीठाने ही जागा घ्यावी, एवढंच मला म्हणायचंय. कशी घ्यायची ते जरा सविस्तर बघू.

पायाखालचा काळा पाषाण

सातारा-सांगलीच्या बहुतेक भागात जमिनीखाली बेसाल्ट आहे, म्हणजे आपला काळा पाषाण. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा वाहत आला, थिजला, त्यावर पुन्हा आला, पुन्हा थिजला. चपात्यांच्या चळतीसारखे एकावर एक थर. प्रत्येक थराचा वरचा भाग हवेच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र, झिजला की त्याचा मुरूम होतो. मधला भाग ठोकळ, कठीण, जिथे सुरुंगाशिवाय काम होत नाही. पाणी राहतं ते मुरमात आणि खडकाच्या भेगांमध्ये.

गंगेच्या मैदानात वाळूमातीचे थर शेकडो फूट खोल आहेत आणि त्यातून उपसता येईल असं पाणी घनफळाच्या दहा-पंधरा टक्केसुद्धा असतं. आपल्या पाषाणात हे प्रमाण एक ते तीन टक्के. जागाच मुळात थोडी. म्हणून चांगला पाऊस झाला की आपल्या विहिरी पंधरा दिवसांत डबडबतात आणि फेब्रुवारीत तितक्याच घाईने तळ दाखवतात. एकाची विहीर भरलेली आणि बांधापलीकडच्याची कोरडी, हे कोडंही इथेच सुटतं. एकाला भेग लागली, दुसऱ्याला ठोकळ पाषाण.

हे कळलं की बंधाऱ्याबद्दलच्या काही समजुती उलट्या होतात. "बंधाऱ्यात पाणी टिकत नाही, काम बोगस झालंय," ही तक्रार पुष्कळ गावांत ऐकू येते. काही वेळा काम खरंच बोगस असतं. पण खाली मुरूम असेल आणि भिंतीखालून पाझर नसेल, तर तीन आठवड्यांत रिकामा झालेला बंधारा हा उत्तम बंधारा. त्याचं पाणी खालच्या विहिरींत गेलं. उलट मार्चपर्यंत निळंशार पाणी दाखवणारा, फोटोला देखणा बंधारा ठोकळ पाषाणावर बसलेला असू शकतो. त्यातलं पाणी जमिनीत मुरत नाही, उन्हाने उडतं. ढोरांना प्यायला, कपडे धुवायला त्याचा उपयोग आहेच. पण विहिरींना पाणी वाढेल या आशेने तो बांधला असेल तर जागा चुकली.

जागा ठरवायला भूशास्त्र लागतं आणि ते शिकायला इथे फार खर्च नाही. उघड्या विहिरीची कडा म्हणजे जमिनीचा आयता छेद. किती फुटांवर माती संपली, मुरूम कुठवर, पाषाण कुठे लागला, झरा कोणत्या बाजूने येतो, हे विहिरीत डोकावून लिहिता येतं. ओढ्याच्या उगमापासून गावापर्यंतच्या वीस-पंचवीस विहिरींची अशी नोंद केली आणि रस्त्याच्या कापांमधले थर तिच्याशी जुळवून पाहिले, की गावच्या भूजलाचा कच्चा नकाशा तयार होतो. भूगोल किंवा भूशास्त्राच्या एका वर्गाचं हे एका सत्राचं काम. पाणाड्या नारळ घेऊन शिवारात फिरतो तेव्हा त्याची फी गाव बिनतक्रार देतं. या नकाशाला कागदाचाच खर्च.

नकाशा झाला की पाचशे-सातशे फुटी बोअरचीही चर्चा करता येते. इतक्या खोलवर लागणारं पाणी बहुधा जुनं असतं, यंदाच्या पावसाने ते भरून येत नाही. राज्याच्या भूजल कायद्याने साठ मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे दोनशे फुटांपेक्षा खोल विहिरींना वेगळ्या नियमांत घातलंय. हा कायदा २००९ चा. गावोगाव रात्री बोअरच्या गाड्या घरघरत असतात त्या अर्थी तो फार कोणी वाचलेला दिसत नाही.

ताळेबंद: पाचवीचं गणित, पण कोणी करत नाही

पाण्याचा ताळेबंद हा शब्द आता ग्रामपंचायतींना नवा राहिलेला नाही. अटल भूजल योजनेने तो करायला लावला. तरी बऱ्याच ठिकाणी तो भिंतीवर रंगवलेला असतो आणि आकडे कुठून आले हे विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. म्हणून एक हिशेब इथेच करून दाखवतो. गाव कल्पित आहे, आकडे गोल आहेत, रीत खरी आहे.

शिवार १,००० हेक्टर. पाऊस ५०० मिलिमीटर. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १०,००० लिटर, म्हणजेच १० घनमीटर पाणी. त्यामुळे गावावर वर्षाला ५० लाख घनमीटर पडलं. हजार घनमीटरला सरकारी कागदात टीसीएम म्हणतात, आपणही तेच वापरू. एकूण ५,००० टीसीएम. आकडा भला मोठा आहे. पण त्यातलं निम्म्याहून जास्त पिकं, गवत, झाडं आणि ऊन मिळून हवेत परत पाठवतात. काही ओढ्याने वाहून जातं. जमिनीत मुरतं ते खडकाप्रमाणे पाच ते बारा-तेरा टक्के. आपण दहा धरू: ५०० टीसीएम.

मुरलेलं सगळं उपसता येत नाही. काही झऱ्यांवाटे ओढ्याला परत जातं, काही तळाशी ठेवावं लागतं. सत्तर टक्के हाताला लागलं असं समजू: ३५० टीसीएम.

आता खर्च. माणसं २,०००. जल जीवन मिशनच्या मापाने माणशी रोज ५५ लिटर. वर्षाचे झाले सुमारे ४० टीसीएम. मोठी जनावरं १,०००, प्रत्येकी ५० लिटर, म्हणजे १८ टीसीएम. दोन्ही मिळून साठाच्या आत. शेतीला उरले २९०.

इथे खरी गंमत आहे. पाटाने पाणी दिलेल्या उसाला हेक्टरी २० ते २५ टीसीएम लागतं. मधला आकडा २२ घेतला तर २९० टीसीएममध्ये तेरा हेक्टर ऊस होतो, म्हणजे बत्तीस-तेहतीस एकर. अख्ख्या गावाचं मुरलेलं पाणी बत्तीस एकरांत संपलं! त्याच पाण्यात, हेक्टरी ४ टीसीएम धरून, शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, सुमारे १८० एकर भिजतो. ऊस लावणारे किती, दहा-बारा घरं? आणि शाळवाची?

आता एका बंधाऱ्याचं बघा. बऱ्यापैकी मोठा सिमेंट नालाबांध एका भरीला १० टीसीएम धरतो आणि पावसाळ्यात तीनदा भरतो असं मानू. झाले ३० टीसीएम. दीड हेक्टरसुद्धा ऊस नाही. याचा अर्थ बंधारे बांधू नयेत असा घेऊ नका. बंधाऱ्याने मिळवलेलं पाणी पिकाच्या एका निर्णयात जातं, हे गावाला आकड्यात दिसायला हवं. नाहीतर जलसंधारण झालं, विहिरींना पाणी वाढलं, त्या भरवशावर उसाची लागण वाढली आणि चौथ्या उन्हाळ्यात टँकर परत आला, ही गोष्ट माणदेशात नवी नाही.

हे गणित पाचवीतला मुलगा करेल. अवघड आहे ते आकडे खरे मिळवणं. पाऊस खरोखर किती पडला? पिकाखाली किती एकर आहे, तलाठ्याच्या कागदावर आणि प्रत्यक्ष शिवारात? मुरण्याचं प्रमाण दहा टक्के की सहा? शेवटचा आकडा चुकला तर सगळा हिशेब कोसळतो आणि तो बरोबर काढायला विहिरी मोजाव्या लागतात.

विहीर कशी मोजतात

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. सकाळी सहा-साडेसहा, मोटर चालू व्हायच्या आत, कारण रात्रभरात पाणी स्थिर झालेलं असतं. टेपच्या टोकाला वजन बांधलेलं, शेवटच्या दोन-तीन फुटांना खडू फासलेला. कठड्यावर तेलरंगाचा लाल ठिपका, दरवेळी तिथूनच टेप सोडायचा. वजन पाण्याला लागल्याचा आवाज आला की थोडा टेप आणखी सोडायचा, ठिपक्याशी आकडा वाचायचा, वर ओढून खडू किती ओला झाला ते बघून तेवढं वजा करायचं. मग कठड्याची उंची वजा. समजा, ठिपक्याशी ४४ फूट, खडू दीड फूट ओला, कठडा अडीच फुटांचा. पाणी जमिनीपासून ४० फुटांवर. एका विहिरीला पाच मिनिटं लागतात. मोजणारी मुलगी वहीत लिहीत असते तोवर विहिरीचे मालक येऊन उभे राहिलेले असतात.

"काय मोजतीयास गं पोरी? पाणीपट्टी बसवायची का काय?"

"नाही ओ आबा, कॉलेजचं काम हाय. पातळी लिहून ठेवतोय."

"लिहून काय पाणी वाढतंय व्हय?"

आबांचा प्रश्न रास्त आहे. एकदा लिहून काहीच होत नाही. पण त्याच विहिरीची ऑक्टोबरमध्ये पुन्हा मोजणी केली आणि पाणी सरासरी तीन मीटर वर आलेलं दिसलं, की हिशेब सुरू होतो. तीन मीटर गुणिले १,००० हेक्टर, त्यात पाणी राहण्याची जागा दीड टक्का. उत्तर ४५० टीसीएम. वर आपण ढोबळपणे ५०० धरले होते, तो अंदाज फार लांब नव्हता असं कळतं. फरक जास्त निघाला तर कुठलं गृहीतक चुकलं ते शोधायचं. पाच वर्षांनी या वहीतून आणखी बरंच निघतं: कोणत्या बंधाऱ्याखालच्या विहिरी वाढल्या, कोणत्या भागात उपसा जास्त, किती पावसाला किती चढ.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा घेते, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. काम चोख आहे, पण त्या विहिरी साऱ्या राज्यात पसरलेल्या. एखाद्या पाणलोटाचा कल त्यातून कळतो, तुमच्या ओढ्याचं काय झालं ते कळत नाही. त्यासाठी गावाच्या स्वतःच्या पंधरा-वीस विहिरी हव्यात.

आता यातली खरी मेख सांगतो. सगळ्यात महत्त्वाच्या नोंदी दोन, मे अखेरची आणि ऑक्टोबरची. मे अखेर महाविद्यालयांना उन्हाळ्याची सुट्टी असते. ऑक्टोबरमध्ये सत्र परीक्षा आणि मग दिवाळी. विद्यापीठाचं वेळापत्रक आणि पाण्याचं वेळापत्रक एकमेकांना पाठ करून उभं आहे. शिबिरं बहुतेक हिवाळ्यात होतात, कारण तेव्हा सोयीचं असतं. पण डिसेंबरात मोजलेल्या पातळीवरून ना भरतीचा तळ कळतो ना माथा.

यावरचा उपाय आपल्याच मातीतला आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, पुढे ती साताऱ्यात आली आणि 'कमवा आणि शिका' हे तिचं चलन झालं. २०२१ साली साताऱ्यात त्यांच्याच नावाचं समूह विद्यापीठही झालं. आज बऱ्याच महाविद्यालयांत कमवा-शिका योजनेतली मुलं बागेला पाणी घालतात, ग्रंथालयात पुस्तकं लावतात, कार्यालयात फायली हलवतात. त्याच पैशातून विहीर मोजणीची मजुरी द्यावी. दहिवडी, विटा, जत, आटपाडी इथल्या महाविद्यालयांत शिकणारी मुलं याच गावांतली आहेत. सुट्टीला ती घरीच असतात. सकाळी दोन तास, गावातल्या पंधरा विहिरी, मेमध्ये दोन दिवस आणि ऑक्टोबरमध्ये दोन दिवस. विद्यापीठातून गाडी पाठवायला नको, डबे नकोत, मुक्कामाची सोय नको. आबांना "तू कोणाची गं?" हे विचारायचीही गरज पडत नाही, ते तिला ओळखत असतात.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीला क्षेत्र प्रकल्प आणि समाज सहभाग यांचे श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, आलेत. दोन श्रेयांक म्हणजे प्रात्यक्षिकाचे साठ तास. ते या वहीला लावता येतात. आजवर पर्यावरणाच्या सक्तीच्या प्रकल्पाचं काय झालं हे पदवीधरांना सांगायला नको. 'जलप्रदूषण: समस्या व उपाय' हा एकच प्रकल्प पिढ्यान्‌पिढ्या झेरॉक्सच्या दुकानात मुक्कामाला आहे, दरवर्षी फक्त मुखपृष्ठावरचं नाव बदलतं.

बाकीच्या विभागांनी काय करायचं

स्थापत्य अभियांत्रिकीला सर्वांत मोठं काम आहे आणि ते नवीन बांधण्याचं नाही. गावात आधीच असलेल्या बंधाऱ्यांची, पाझर तलावांची तपासणी. किती गाळ साचला, भिंतीखालून गळती आहे का, सांडवा नीट आहे का. सांगलीचं वालचंद आणि कऱ्हाडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय दोन्ही जुनी, मुलांच्या हाती लेव्हल मशीन असतंच. उन्नत महाराष्ट्र अभियानाने २०१६ पासून स्थानिक महाविद्यालयांना जिल्हा प्रशासनाच्या कामांशी जोडण्याची वाटही काढून दिली आहे. खटावमधला नेर आणि मायणी, माणमधला पिंगळी असे ब्रिटिशकालीन तलाव या पट्ट्यात आहेत. त्यांच्या पोटात आज गाळ किती आणि पाणी किती हे मोजणं म्हणजे विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकापेक्षा चांगली परीक्षा. समतल रेषा आखून देणं हीसुद्धा यांचीच जबाबदारी. एका शिबिरात उताराच्या दिशेने खणलेले चर मी पाहिलेत. पहिल्या वळवात त्यांची घळ झाली, माती घेऊन पाणी सुसाट खाली गेलं. पोरांचा घाम खोटा नव्हता, रेषा आखणारा कोणी नव्हता.

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत क्षार, नायट्रेट, फ्लोराइड तपासणं रोजचं आहे. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नको; उसाला, द्राक्षाला खतांचा मारा होतो त्या भागात हे तपासायलाच हवं. मात्र तपासणीचा कागद इंग्रजीत छापून सरपंचांच्या हातात दिला तर तो कपाटात जातो. 'या विहिरीचं पाणी लहान बाळाला देऊ नका' असं मराठीत लिहून द्यावं लागतं.

अर्थशास्त्राने पिकाला दिलेल्या पाण्यामागे किती रुपये सुटतात ते काढावं. इतिहासाने साताऱ्याजवळच्या लिंबची बारा मोटेची विहीर, गावोगावच्या बारवा यांची नोंद करावी. लिंबची विहीर १७१९ ते १७२४ या काळात बांधली हे आज ठामपणे सांगता येतं, कारण तिच्यावर शिलालेख कोरून ठेवलाय.

कृष्णाकाठची उलटी गोष्ट

इथवर सगळं दुष्काळी पट्ट्याचं बोललो. पण वाळवा, मिरज भागात आजार उलटा आहे. वर्षानुवर्षं पाटाने भरपूर पाणी दिलं, निचरा झाला नाही, क्षार वर आले. पांढरी पडलेली, क्षारपड रानं कृष्णाकाठच्या माणसाला दाखवावी लागत नाहीत. तिथे जलसंधारण म्हणजे कमी पाणी देणं आणि साचलेलं बाहेर काढणं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं कसबे डिग्रजचं संशोधन केंद्र याच जमिनींवर काम करतं. जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचरा करण्याची पद्धत सांगली भागात शेतकऱ्यांनी पाहिली, काहींनी केली. एकट्याने केलं तर पाणी सोडायचं कुठे हा प्रश्न येतो, कारण शेजाऱ्याच्या बांधातून चर नेल्याशिवाय ओढा गाठत नाही. म्हणजे इथेही तंत्र सापडलेलं आहे, अडतं ते चार बांधकरी एकत्र बसवण्यावर.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं. पहिल्या खेपेला दहा टाक्या, प्रत्येकी पन्नास हजार लिटर. देशभर बातमी झाली. मिरजेच्याच जिल्ह्यातला जत तालुका त्या उन्हाळ्यात तहानलेला होता. एका जिल्ह्यात रेल्वे भरून देण्याइतकं पाणी आणि एवढी तहान शेजारी-शेजारी असतात, तेव्हा तुटवडा फक्त पावसाचा नसतो.

पाणी कोणाचं, हे विद्यापीठाने ठरवू नये

या भागाने तो वाद फार आधी घातलाय. १९८० च्या दशकात खानापूर भागात, बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी मुक्ती संघर्ष चळवळीतून येरळा नदीवर बळीराजा धरण उभं केलं. बेसुमार वाळू उपशाला विरोध करणाऱ्यांनीच थोडी वाळू विकण्याचा हक्क मिळवून त्यातून पैसा उभा केला. तांत्रिक बाजूला के. आर. दाते यांच्यासारखे अभियंते होते. भूमिहीनासकट प्रत्येक घराला पाण्याचा वाटा, हे तत्त्व त्यामागे होतं. पुढे नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकाराने आटपाडीत पाणी परिषदा भरत राहिल्या, समन्यायी पाणीवाटप हा शब्द तिथून घरोघर गेला. टेंभू, ताकारी, म्हैसाळ योजनांचं पाणी आज ज्या शिवारांत फिरतं त्यामागे ही सगळी रेटारेटी आहे.

बळीराजाची गोष्ट प्राध्यापकांनी नीट वाचावी अशी आहे. तिथे तज्ज्ञ लोकांच्या हाताखाली होते. धरणाची उंची, पाण्याचा वाटा, पीक कोणतं, हे लोकांनी ठरवलं आणि ते जमेल का, कसं जमेल, हे अभियंत्यांनी गणित करून सांगितलं. आपल्याकडे नेहमी उलटं होतं. विद्यापीठ 'दत्तक गाव' घेतं. गावाला दत्तक घ्यायला ते काही अनाथ नसतं! मग अहवाल तयार होतो, मूल्यांकनाला आलेल्या समितीला दाखवला जातो, आणि गावात कोणाला विचारलं तर, "हां, ते पाच वर्षांमागं आल्ते की पोरं घिऊन," एवढंच.

ऊस लावू नका असं भाषण प्राध्यापकांनी ग्रामसभेत दिलं तर त्यांना कोणी चहासुद्धा विचारणार नाही, आणि बरोबरच आहे. कारखान्याचा हप्ता, भावाची खात्री, घरातलं लग्न, हे सगळं उसावर उभं असतं. पण 'यंदा ३२० टीसीएम आहेत, लावलेल्या पिकांना ४१० लागणार आहेत' असा फळा चावडीसमोर लागला तर वाद गावातच सुरू होतो. तो तिथेच व्हायला हवा.

गावाला शिकवण्याआधी विद्यापीठाने आपल्या आवाराचा ताळेबंद मात्र लावून टाकावा. दहा हजार चौरस फुटांच्या गच्चीवर ५०० मिलिमीटर पावसात, वीस टक्के नासाडी धरूनही, पावणेचार लाख लिटरच्या आसपास पाणी मिळतं. वसतिगृहात हजार मुलं असतील तर त्यांच्या आंघोळीचं सांडपाणी बागेला पुरून उरतं. शिवाजी विद्यापीठाने आपल्या साडेआठशे एकरांच्या आवारात तळी आणि विहिरी राखून पाण्याची बरीच सोय स्वतः लावली आहे. उलट काही संस्थांच्या आवारातल्या बोअर शेजारच्या वस्तीचंच पाणी ओढत असतात, हिरवळ मात्र बघण्यासारखी. अशा संस्थेचे विद्यार्थी टेप घेऊन गावात गेले तर आबा आधी कॉलेजची बोअर किती फूट आहे तेच विचारतील.

राहिला प्रश्न टिकण्याचा. असले उपक्रम बहुधा एका प्राध्यापकाच्या उत्साहावर चालतात आणि त्यांची बदली किंवा निवृत्ती झाली की वही हरवते. म्हणून वहीच्या पहिल्या दिवसापासून तीन प्रती हव्यात: एक ग्रामपंचायतीत, एक महाविद्यालयात, एक विद्यापीठाच्या संगणकावर, कोणालाही उघडता येईल अशी. विहिरींना क्रमांक, ठिपक्याची जागा, मोजणाऱ्याचं नाव. दरवर्षी दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी पहिल्या वर्षाच्या मुलांना विहिरी दाखवून द्यायच्या. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मोजणी, दुसऱ्यात हिशेब, आणि पूर्वहंगामी उसाची लागण, गहू-कांद्याची तयारी जोर धरायच्या आत ग्रामसभेत फळा. लागण झाल्यावर आणलेला ताळेबंद कितीही अचूक असला तरी त्या वर्षापुरता तो रद्दीच.